शिवानीच्या गाडीचं परमिट

"या जगात आजवर जे जे काही जळालं, ते व्होल्टेजमुळं जळालं," शांतलिंग अप्पांनी सकाळी ओसरीवर बसून जाहीर केलं. "लंकेचं मला ठाऊक न्हाय. बाकी समदं."

हे वाक्य हवेत नीट स्थिरावायच्या आत स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. गॅसवरच्या दुधाकडं लक्ष ठेवा, असं सांगून उमाबाई पूजेला बसल्या होत्या. त्या पातेल्याचा व्होल्टेजशी दुरूनसुद्धा संबंध नव्हता. अप्पांनी गॅस बंद केला, पातेलं मोरीत नेऊन पाण्याखाली बुडवलं आणि पुन्हा ओसरीवर येऊन मघासारख्याच गंभीर चेहऱ्यानं बसले.

तरीही अप्पांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी विजेत गेली होती. लाईनमन म्हणून लागले, फोरमन पाटील म्हणून निवृत्त झाले. माकणीच्या पंचक्रोशीतला एकेक खांब त्यांना भावकीतल्या माणसासारखा माहीत होता: कोण ताठ, कोण कललेला, कोण दुसऱ्याच्या बांधावर पाय रोवून बसलेला. आणि गावातलं व्होल्टेज तर त्यांच्या डोळ्यांदेखत लहानाचं मोठं झालेलं. धरणाकडच्या मोटारी चालू असल्या की पंख्याची पाती निवांत मोजता यायची, आणि त्या एकदम बंद पडल्या की बल्ब डोळे वटारून बघायचा. अशा गावात राहून अप्पांनी फ्रिजला, टीव्हीला, मिक्सरला आणि देवघरातल्या लाल बल्बाला स्वतंत्र स्टॅबिलायझर लावले होते. घरात माणसांपेक्षा स्टॅबिलायझर जास्त झालेत, शिरगणतीवाला आला तर गोंधळेल, असं उमाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

अशा घरी त्यांच्या मुलीनं, शिवानीनं, उन्हाळ्यात आपली गाडी आणून लावली. ती पुण्याला नोकरीला होती आणि कंपनी तिला दिवाळीपर्यंत परदेशी धाडत होती. सोसायटीच्या तळघरात गाडी ठेवली असती तर उंदरांनी वायरी कुरतडल्या असत्या. माकणीत अंगण होतं, वर पत्रा होता, आणि ज्यांनी खात्याची जीप वर्षानुवर्षं हाकली ते अप्पा होते.

"अप्पा, काहीही करायचं नाही," शिवानी म्हणाली. "आठवड्यातून एकदा चालवायची. अव्वाला घेऊन फिरून यायचं. बस्स." आईला ती अव्वा म्हणायची.

"आत विजेवर काय काय चालतं?"

"सगळंच. आता इंजिनाला कॉम्प्युटर असतो, ब्रेकला असतो, एअरबॅगला वेगळा असतो. काचासुद्धा बटनावर. बॅटरीला कुणी उलटसुलट काही जोडलं की जळतात."

हा शेवटचा शब्द तिनं उच्चारायला नको होता.

ती विमानात बसली असेल-नसेल, इकडं अप्पांनी गाडी ताब्यात घेतली. आधी तिला अर्थिंग केलं. अंगणाच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळशाचे थर घातले, मधोमध लोखंडी पाईप रोवला आणि हिरव्या वायरीनं तो पाईप गाडीच्या पोटाखालच्या लोखंडाला बांधला. खड्डा ओला राहायला हवा म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी. शेजारणी म्हणू लागल्या की अप्पांनी नवीन कुठलं तरी व्रत धरलंय. गाडी चार रबरी चाकांवर उभी असते आणि तिच्या बॅटरीला त्या खड्ड्याचा कवडीचा उपयोग नसतो, हे अप्पांनाही कुठंतरी आत माहीत असावं. पण अर्थिंग करून कुणाचं वाईट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी लातूरहून एक छोटं यंत्र आणून थेट बॅटरीला जोडलं. बॅटरीत किती व्होल्ट आहेत ते लाल आकड्यांत अहोरात्र दाखवायचं, आणि व्होल्टेज उतरलं की पी-पी करून कळवायचं, एवढंच त्याचं काम.

तिसरा बंदोबस्त परमिटचा. ज्यांचं आयुष्य विजेच्या खांबाखाली गेलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. लाईनवर चढायचं तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यावं लागतं. तो लाईन बंद करतो, मग माणूस वर चढतो. काम झालं की ज्याच्या नावावर परमिट असेल त्यानंच कळवायचं, माणसं उतरली, लाईन क्लिअर. त्यानं कळवेपर्यंत खुद्द मंत्री दारात येऊन बसला तरी लाईन चार्ज होत नाही, म्हणजे तारेत पुन्हा वीज सोडली जात नाही. या नियमाच्या कृपेनं अप्पा दहाच्या दहा बोटांनिशी निवृत्त झाले होते, तेव्हा तो त्यांनी गाडीलाही लावला. उमाबाईंना गाडीवरची धूळ झटकायची झाली तरी आधी, "झटकू का?" आणि नंतर, "झटकली," असं मोठ्यानं म्हणावं लागे.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट तेवढी राहून गेली. गाडी चालवायची.

पहिले काही आठवडे उमाबाई काही बोलल्या नाहीत. मग श्रावण लागला आणि येडशीहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, मथुराबाईंचा फोन आला. पोळा झाला की मुलगा, पंचाक्षरी, त्यांना कायमचं हुबळीला नेणार होता. गुडघे गेलेले. एकदा तिकडं गेल्यावर परत येणं कसलं? त्याआधी दोघी बहिणींनी मिळून एका सोमवारी येडशीजवळच्या रामलिंगाच्या देवळात जाऊन यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. लहानपणी दोघी दर श्रावणात जायच्या. आता मथुराबाईंना एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि अंगणात गाडी होती.

पहिल्या सोमवारी आभाळ भरून आलं. वाटेत वीज कोसळली तर काय, म्हणून अप्पांनी बेत रद्द केला. दुसऱ्या सोमवारी लख्ख ऊन पडलं, आणि कॉम्प्युटरला ऊन सोसत नाही. तिसऱ्या सोमवारी ऊनही नव्हतं आणि आभाळही नव्हतं. अप्पांना त्या हवेचाच संशय आला.

श्रावणातला शेवटचा सोमवार उद्यावर आला तेव्हा उमाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "उद्या अक्काला रामलिंगाला न्यायचं. गाडीनं जमलं तर गाडीनं. न्हायतर म्या धनाजीच्या ट्रॉलीत बसून जाते, अन् वाटंत जो भेटेल त्याला सांगते, घरी गाडी हाय, पण तिला अर्थिंग केलंय."

अप्पांनी घास गिळला. "जाऊ की. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

"अन् ते पाखरू बघा आधी. दोन-चार दिवसांपासून अंगणात सारखं कायतरी ओरडतंय. आज गप झालंय."

"टिटवी असंल. धरणाकडची," अप्पा म्हणाले. रोहित्रांच्या घरघरीत एवढी वर्षं घालवलेले त्यांचे कान बारीक आवाजांच्या बाबतीत आता फारसे चौकस राहिले नव्हते.

सोमवारी सकाळी अप्पांनी गाडीवरची ताडपत्री काढली. यंत्रावरचे लाल आकडे गायब होते. दार किल्लीनं उघडावं लागलं. आत बसून त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि चालू करायचं बटन दाबलं. गाडीनं डोळाही उघडला नाही.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही, पचायला लागला. ज्या यंत्राला त्यांनी व्होल्टेजवर नजर ठेवायला बसवलं होतं, त्यानंच बसल्या जागी दिवसरात्र थोडं थोडं करून सगळं व्होल्टेज खाल्लं होतं. शेवटी उरलेलंसुद्धा, व्होल्टेज संपत आलं हे ओरडून सांगण्यात संपवलं. खात्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको होतं.

"टिटवी मेली जणू," उमाबाई दारातून म्हणाल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, नारळाची पिशवी घेऊन त्या तयार होत्या.

हाक मारल्याबरोबर पलीकडच्या गल्लीतून धनाजी ट्रॅक्टर घेऊन आला. धनाजीकडं सगळ्या अडचणींवर एकच उपाय होता, ट्रॅक्टर. ट्रॅक्टरनं भागलं नाही तर मोठा ट्रॅक्टर.

"काय अप्पा, बसली व्हय बाईसाहेब?" त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं. "काय न्हाय हो. माझ्या मेव्हण्याचा ट्रक उभा हाय फाट्यावर. त्याची बॅटरी लावू. एका दणक्यात उठती का न्हाय बघा."

"ट्रकला चोवीस व्होल्ट असतात रे, मर्दा! ही बाराची. एका दणक्यात उठंल अन् एका दणक्यात कायमची निजंल."

"मग ट्रॅक्टरची लावू. ती बाराचीच हाय. म्या फुल रेस देतो, तुम्ही बटन दाबा. चालू झाली की बॅटरीची वायर काढून बघू, चालूच ऱ्हायली तर डायनामो चांगला. आमच्या जुन्या जीपला आमी असंच करायचो."

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. यात मात्र त्यांचं काही चुकलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. जुनी जीप असले खेळ हसत सोसायची, कारण तिच्यात जळण्यासारखं काही नव्हतंच. हल्लीच्या गाडीचं इंजिन चालू असताना बॅटरीची वायर उपसली, की डायनामोतून येणाऱ्या करंटला जायला जागा उरत नाही. मग तो एका झटक्यात उसळतो आणि वाटेत येईल तो कॉम्प्युटर घेऊन जातो.

"धनाजी," अप्पा म्हणाले, "चालू गाडीच्या बॅटरीला हात लावलास तर तुझी माझी भावकी तुटली म्हणून समज. ट्रॅक्टर बंद कर. रेस न्हाय, बीस न्हाय. नुसती बॅटरी जवळ पायजे. अन् आधी परमिट घे."

"कसलं परमिट?"

"घे रे बाबा," उमाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "अक्का तिकडं तयार होऊन बसली असंल."

"घेतलं परमिट," धनाजी हात जोडून म्हणाला.

मग त्या अंगणात असं काही शिस्तीचं काम झालं, की एखाद्या साहेबानं पाहिलं असतं तर त्याला आपण चुकून भलत्याच खात्यात आलो असं वाटलं असतं. गाडीतले दिवे, पंखा, गाणी, सगळी बटनं बंद असल्याची अप्पांनी दोनदा खात्री केली. त्या लाल आकड्यांच्या यंत्राची वायर त्यांनी स्वतः सोडवली आणि यंत्र तुळशीच्या कट्ट्यावर पालथं ठेवलं. मग ट्रॅक्टरवरच्या जोडवायरी घेतल्या: एक लाल चिमटा ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या अधिकला, दुसरा लाल गाडीच्या अधिकला. काळा चिमटा ट्रॅक्टरच्या उण्याला.

"आता ह्यो शेवटचा काळा गाडीच्या बॅटरीला," धनाजी म्हणाला.

"बॅटरीला न्हाय. तिकडं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडायची ती बॅटरीपासून लांब उडू दे."

धनाजीनं चिमटा लावला. एक बारकीशी ठिणगी उडाली आणि अप्पा पाऊलभर मागं सरकले. पण गाडीच्या आत कसलासा दिवा मिणमिणला.

"आता थोडा वेळ जाऊ द्यायचा. हिच्या बॅटरीत जीव येऊ दे," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात वस्तीकडून कुणीतरी ओरडलं की धनाजीची म्हैस दावं तोडून सोयाबीनमध्ये शिरलीय. धनाजी चपला हातात घेऊन पळाला. त्याच्याबरोबर परमिटही पळालं.

थोडा वेळ झाला. मग पुरेसा वेळ झाला. मग जरुरीपेक्षा जास्त वेळ झाला. उमाबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या, पिशवी मांडीवर. अप्पाही आत बसले. समोर बटन होतं. त्याच्याभोवती बारीक उजेडाचं कडं उमटलं होतं.

"दाबा की," उमाबाई म्हणाल्या.

"परमिट धनाजीच्या नावावर हाय. त्यानं लाईन क्लिअर दिल्याबिगर चार्ज करता येत न्हाय."

"तो म्हशीमागं गेलाय."

"येऊ दे."

"म्हैस आधी सोयाबीन खाणार, मग धनाजीचं ऐकणार. तोवर अक्का उठून घरात जाऊन निजंल."

अप्पा बटनाकडं बघत राहिले. नियम खरा होता, पण तेवढंच नव्हतं, आणि हे उमाबाईंना त्यांच्याइतकंच दिसत होतं. आयुष्यभर अप्पा खांबावर चढले, तारा जोडल्या, खाली उतरले, बाजूला उभे राहिले. लाईन चार्ज मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्यानंच केली, तिकडं लांब सबस्टेशनात. ज्या क्षणाला काय होईल ते होईल, तो क्षण कधी त्यांच्या बोटाखाली आलाच नव्हता. आणि आता आला तो लेकीच्या गाडीत. आत ते सगळे कॉम्प्युटर गुपचूप बसलेले. एक झटका बसला तर दिवाळीला शिवानीला काय तोंड दाखवायचं? न दाबलं तर गाडी जशीच्या तशी राहील. बंद, पण जशीच्या तशी. आणि शेजारी उमाबाई. त्या तर पहिल्या सोमवारपासून जशाच्या तशा होत्या.

उमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला, नंबर वगैरे काही न लावता कानाला धरला, आणि घसा खाकरून एकदम वेगळ्याच, सपाट, सरकारी आवाजात म्हणाल्या:

"हॅलो. माकणी सबस्टेशन. फोरमन पाटलांना निरोप. धनाजीचं परमिट परत आलं. माणसं उतरली. लाईन क्लिअर. चार्ज करा."

अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. शेवटचे दोन सोडले तर हे शब्द उमाबाईंनी किती पावसाळे घरच्या फोनवर ऐकले होते, आणि अप्पा जेवत असतील तर कितीदा पाटाजवळ येऊन जसेच्या तसे सांगितले होते! इतकी वर्षं अप्पांनी त्या निरोपावर कधी शंका घेतली नव्हती. आजही घ्यायला सवड मिळाली नाही. डोक्यानं काही ठरवायच्या आधीच त्यांच्या तोंडून निघालं, "चार्ज करतो," आणि बोट बटनावर पडलं.

गाडी एकदा कण्हली, दुसऱ्यांदा खाकरली, आणि चालू झाली. समोरचे सगळे दिवे एकदम लागले. अप्पांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा एकेक करत सगळे दिवे विझले होते आणि गाडी मांजरासारखी गुरगुरत उभी होती. काहीही जळालं नव्हतं. कुठून वासही नव्हता.

"झालं?" उमाबाईंनी विचारलं.

"झालं," अप्पा म्हणाले, आणि आज लुंगीऐवजी घातलेल्या विजारीच्या खिशातून रुमाल काढून त्यांनी मान पुसली.

म्हशीला बांधून धनाजी परत आला तेव्हा अप्पांनी त्याच्याकडून चिमटे उलट्या क्रमानं काढून घेतले: काळा आधी, लाल नंतर, एकमेकांना शिवू न देता. "परमिट परत," धनाजी धापा टाकत म्हणाला. "आधीच आलंय," अप्पा म्हणाले. धनाजीला काही कळलं नाही. उमाबाई समोर बघत राहिल्या.

गाडी अंगणातून निघाली ती झोकात. फाटकापर्यंत गेली आणि मागं काहीतरी मोठ्यानं उपटलं गेलं. हिरव्या वायरीच्या टोकाला आख्खा पाईप, त्याच्याभोवती मिठाची ढेकळं, आणि अंगणभर कोळसा.

"अप्पा, थांबा! लाईन तुटली!" धनाजी ओरडला.

अप्पांनी उतरून वायर सोडली आणि पाईप भिंतीला टेकवून ठेवला. लोहारा गाव येईपर्यंत हसू दाबताना उमाबाईंचे खांदे अधूनमधून हलत होते.

धाराशिव मागं पडलं, येडशी आली. मथुराबाई स्टेशनजवळच्या आपल्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, किती वेळच्या ते त्यांनी सांगितलं नाही. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले ते सोडेनात. "आलीस बाई," एवढंच मथुराबाई म्हणाल्या. मग त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं, त्यांच्या गुडघ्याखाली उशी दिली, आणि उमाबाईही पुढची जागा सोडून मागं त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. गाडी रामलिंगाच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना झाडी हिरवीगार, रस्त्याच्या कडेला माकडं लेकुरवाळी होऊन बसलेली.

आता अप्पांना बोलायची उबळ आली.

"अक्का, तुम्हाला वाटत असंल, गाडी काय, कुणीबी चालवतं," त्यांनी सुरुवात केली. "पण ही नुसती गाडी न्हाय. चाकं लावलेलं सबस्टेशन हाय. व्होल्टेज चढलं तरी मरण, उतरलं तरी मरण. उलटं जोडलं, जळालं. ट्रकची बॅटरी लावली, जळालं. चालू इंजिनात वायर काढली, जळालं. आज सकाळी माझ्या अंगणात असा प्रसंग होता, की एक चूक झाली असती तर तुम्हाला रामलिंग दिसला नसता. पण नियम म्हणजे नियम. मी आयुष्यात एक गोष्ट शिकलो, अक्का. वीज असो का माणूस असो, जपावं लागतं. जपलं की टिकतं."

आरशातून त्यांनी मागं पाहिलं. उमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मथुराबाई मात्र ओठ घट्ट मिटून, डोळे मोठे करून, एकटक त्यांच्याकडं बघत होत्या. एवढ्या आदरानं आजवर अप्पांचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी व्होल्टेजवरून स्टॅबिलायझरवर आणि स्टॅबिलायझरवरून संसारावर यायचं ठरवलं.

"तर संसारसुद्धा, अक्का..."

मथुराबाईंनी हात वर केला. हनुवटी उंचावली, आणि ओठ जेमतेम विलग करत, एकेक शब्द सांभाळून त्या म्हणाल्या,

"दाजी, तेवढी काच खाली घ्या. मिसरी थुंकायचीय."